तुम्ही विचारलंत म्हणून : दोन फटक्यांमधला खेळ

‘दोन वर्षे झाली, हँडिकॅप 24 वर अडकला आहे, आता नेमके काय करू?’ हा प्रश्न मला चेंबूरच्या मैदानावर फेरी संपल्यानंतर चहाच्या टेबलाशी विचारला जातो, खारघरला पहिल्या टीवर (होलचा पहिला फटका मारतात त्या जागी) नंबर लागण्याची वाट पाहताना विचारला जातो आणि गेल्या आठवड्यात तर आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्येही विचारला गेला. हँडिकॅप म्हणजे गोल्फ खेळाडूची पातळी सांगणारा आकडा, तो जितका कमी तितका खेळ चांगला. ऑगस्ट 2021 मध्ये गोल्फपटू अदिती अशोक टोकियो ऑलिंपिकमध्ये चौथी आली, त्या शनिवारी सकाळी अनेक मराठी घरांत पहिल्यांदाच गोल्फ पाहिले गेले. त्यातल्या काहींनी पुढे स्वतः खेळायला सुरुवात केली आणि आता ते सुधारणेच्या त्या चिवट टप्प्यावर उभे आहेत, जिथे मी स्वतः बरीच वर्षे उभी होते. मी वयाच्या 42 व्या वर्षी हा खेळ शिकू लागले. माझा हँडिकॅप 31 वरून 17 वर आला तो कसा, हे तुम्ही विचारलेत म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आधी एक साधा हिशेब मांडते. काठी मागे नेऊन चेंडूवर फटका मारून पूर्ण करायला दोन सेकंदही लागत नाहीत. अठरा होलमध्ये (होल म्हणजे चेंडू घालायचा खड्डा आणि तिथपर्यंतचा टप्पाही) 95 फटके मारणाऱ्या खेळाडूचा प्रत्यक्ष फटके मारण्याचा वेळ त्यामुळे जेमतेम तीन मिनिटे भरतो, आणि फेरीला मात्र चार-साडेचार तास लागतात. उरलेला सगळा वेळ चालण्यात, थांबण्यात, चेंडू शोधण्यात, निर्णय घेण्यात आणि दुसऱ्याच्या फटक्याच्या वेळी स्तब्ध उभे राहण्यात जातो. सुधारू पाहणारा खेळाडू आपले सारे लक्ष, पैसा आणि सराव त्या तीन मिनिटांवर खर्च करतो. माझे फटके कमी झाले ते मुख्यतः उरलेल्या चार तासांत, म्हणजे नियम समजून घेतल्यामुळे, मैदानावरची वागणूक सुधारल्यामुळे आणि शरीर शेवटच्या होलपर्यंत टिकल्यामुळे. अदिती अशोकचे उदाहरण मी यासाठीच देते. ड्रायव्हरच्या, म्हणजे सर्वांत लांब फटक्याच्या काठीच्या, अंतरात ती त्या स्पर्धेत अगदी मागच्या खेळाडूंमध्ये होती, तरीही तिचे पदक केवळ एका फटक्याने हुकले.

नियमांपासून सुरुवात करते, कारण तिथे सर्वांत जास्त गैरसमज आहेत. आपल्याकडे नियम म्हणजे दंड असे मनात बसलेले असते. प्रत्यक्षात गोल्फच्या नियमांचा मोठा भाग खेळाडूला अडचणीतून बाहेर काढण्यासाठी लिहिलेला आहे आणि तो वाचलेला नसल्यामुळे आपण हक्काची सवलत सोडून देतो. मुंबईच्या पावसाळ्यात हे विशेष जाणवते. जून ते सप्टेंबर या महिन्यांत फेअरवेवर, म्हणजे होलकडे जाणाऱ्या आखूड गवताच्या पट्ट्यावर, जागोजागी पाणी साचते. चेंडू त्या पाण्यात असेल किंवा चेंडूशी उभे राहिल्यावर पायांभोवती पाणी दिसत असेल, तर ते तात्पुरते पाणी ठरते आणि दंडाशिवाय, जिथे पूर्ण सुटका होते अशा सर्वांत जवळच्या, पण होलच्या जवळ न जाणाऱ्या बिंदूपासून एका काठीच्या लांबीत चेंडू टाकता येतो. ओल्या मातीत चेंडू आपल्याच आघाताने झालेल्या खळग्यात रुतला असेल, तर बंकर (वाळूचा खड्डा) आणि लाल-पिवळ्या खुंट्यांचे दंडक्षेत्र वगळता मैदानाच्या सर्वसाधारण भागात कुठेही, अगदी उंच गवतातही, विनादंड सुटका मिळते. पहिल्या पावसाळ्यात मी असे रुतलेले चेंडू निमूटपणे खोदून काढत असे आणि प्रत्येक वेळी एक-दोन फटके वाया घालवत असे.

पण सवलत घेण्यापूर्वी एक क्षण थांबावे, हे मला एका ज्येष्ठ कॅडीने, म्हणजे काठ्या वाहणाऱ्या मदतनिसाने, शिकवले. माझा चेंडू पेव्हर ब्लॉकच्या वाटेवर थांबला होता. अशा वाटेवरून विनादंड सुटका मिळते एवढे मला ठाऊक होते, म्हणून मी चेंडू लगेच उचलला. नंतर मोजून पाहिले तेव्हा कळले की सुटकेचा सर्वांत जवळचा बिंदू करवंदीच्या जाळीत जातो. नियमात ‘सर्वांत जवळचा’ असे म्हटले आहे, ‘सर्वांत सोयीचा’ असे नाही. आता चेंडू परत वाटेवर ठेवून तिथून खेळायचे झाले, तर एका फटक्याचा दंड पडणार होता. कॅडी शांतपणे म्हणाले, ‘ताई, उचलायच्या आधी उतरायची जागा बघायची.’ त्या दिवसापासून मी चेंडूला हात लावण्याआधी बिंदू कुठे पडतो ते पाहते, आणि दर दोन-तीन फेऱ्यांमागे एकदा तरी वाटेवरूनच फटका मारणे पसंत करते.

खेळण्यायोग्य नसलेल्या चेंडूचा नियमही असाच उपकारक आहे. झुडपाच्या मुळाशी अडकलेल्या चेंडूवर तीन-तीन वार करणारे खेळाडू मी दर रविवारी पाहते. एका फटक्याचा दंड घेऊन त्यांना तीन पर्याय खुले असतात. मागच्या जागी जाऊन पुन्हा खेळता येते, होल आणि चेंडू यांच्या सरळ रेषेत हवे तेवढे मागे जाता येते किंवा होलच्या जवळ न जाता दोन काठ्यांच्या लांबीत बाजूला चेंडू टाकता येतो. 2019 मध्ये नियमांची मोठी फेररचना झाली, तेव्हा बंकरसाठी आणखी एक पर्याय आला आणि दोन फटक्यांचा दंड घेऊन त्याच रेषेत बंकरच्या बाहेर जाता येऊ लागले. ज्याला वाळूची भीती वाटते, त्याने हे दोन फटके आनंदाने द्यावेत.

त्याच वर्षी चेंडू शोधण्याची मुदत पाच मिनिटांवरून तीन मिनिटांवर आली, चेंडू गुडघ्याच्या उंचीवरून टाकण्याचा नियम झाला, ग्रीनवर (होलभोवतीच्या अगदी आखूड गवतावर) झेंड्याची काठी न काढता पट करण्याची, म्हणजे चेंडू हलकेच होलकडे घरंगळवण्याची, मुभा मिळाली आणि बुटांच्या खिळ्यांचे ओरखडे दुरुस्त करण्याची परवानगी मिळाली. आपल्याकडच्या जुन्या सवयीला लागू पडणारा एक बदल मात्र अजून अनेकांच्या कानी गेलेला नाही. खेळाडू पाय रोवायला लागल्यानंतर कॅडीने दिशा दाखवण्यासाठी त्याच्या मागे, फटक्याच्या रेषेत, उभे राहू नये. तसे राहून फटका मारला तर दंड दोन फटक्यांचा आहे. फटक्याआधी मागे हटून पुन्हा उभे राहिले, तर दंड टळतो.

चेंडू हरवला असेल किंवा हद्दीबाहेर गेला असेल अशी शंका येताच पर्यायी चेंडू खेळावा, आणि ‘हा प्रोव्हिजनल आहे’ असे सोबत्यांना स्पष्ट सांगूनच खेळावा. नुसते ‘आणखी एक मारतो’ म्हटले तर तो दुसरा चेंडूच खेळातला चेंडू ठरतो आणि पहिला सापडला तरी उपयोगाचा राहत नाही. चेंबूरसारख्या, चोहोबाजूंनी वस्तीने वेढलेल्या मैदानावर ही वेळ वारंवार येते.

इथे नियम आणि शिष्टाचार एकमेकांत मिसळतात. प्रोव्हिजनल खेळल्यामुळे मागे चालत जाण्याचा वेळ वाचतो, आणि तो वेळ फक्त तुमचा नसतो, मागून येणाऱ्या प्रत्येक गटाचा असतो. मुंबईत मैदाने मोजकी आहेत. विलिंग्डन 1918 चे, चेंबूरचे बॉम्बे प्रेसिडेन्सी 1927 चे, कुलाब्याच्या टोकाला समुद्राच्या वाऱ्यात युनायटेड सर्व्हिसेस क्लब, आणि सभासद नसलेल्यांनाही शुल्क भरून खेळता येईल असे सिडकोचे खारघरचे मैदान, पांडवकड्याच्या पायथ्याशी. एवढ्या मोठ्या शहराच्या मानाने ही जागा अत्यंत थोडी आहे. म्हणून इथे संथ खेळणे हा मला केवळ स्वभावदोष वाटत नाही, तो दुसऱ्याच्या सकाळीवर केलेला अतिक्रम वाटतो. आपली पाळी आल्यावर 40 सेकंदांत फटका मारावा अशी नियमांचीच शिफारस आहे. ते शक्य होण्यासाठी अंतराचा अंदाज, वाऱ्याचा विचार आणि काठीची निवड या गोष्टी दुसरा खेळत असताना, त्याला व्यत्यय न आणता, उरकाव्या लागतात. ज्याची तयारी आहे आणि ज्याच्यापुढे कोणाला धोका नाही, त्याने आधी खेळावे, पहिल्या फटक्याचा मान कोणाचाही असो. ही सवय लागल्यावर माझा स्वतःचा खेळही सुधारला, कारण चेंडूपाशी उभे राहून शंका घोळवायला वेळच उरला नाही.

ग्रीनवरच्या वागणुकीबद्दल मी थोडी हट्टी आहे. उंचावरून पडलेल्या चेंडूमुळे झालेला खळगा लगेच दुरुस्त केला तर गवत लवकर सावरते. तसाच सोडला तर तिथे बराच काळ टक्कल राहते. दुरुस्तीची रीतही चुकीची रूढ झाली आहे. काटा खाली खुपसून माती वर उचकटल्याने मुळे तुटतात. काटा खळग्याच्या कडेला रोवून गवत सर्व बाजूंनी मध्याकडे ढकलावे आणि पटरने हलकेच दाबावे. आपला एक खळगा झाला की शेजारचा दुसऱ्या कोणाचा तरी एक बुजवावा. सोबत्याच्या पटच्या रेषेवर पाऊल टाकू नये, आपली सावली त्याच्या रेषेवर पडू देऊ नये आणि गुणांची नोंद पुढच्या टीवर गेल्यावर करावी. चेंडू कोणाच्या दिशेने जात आहे असे वाटले, तर संकोच न करता त्याच क्षणी ‘फोर!’ अशी पूर्ण आवाजात हाक द्यावी. फेअरवे एकमेकांना खेटून असतील तिथे ही हाक म्हणजे सौजन्याच्याही पलीकडची, सुरक्षिततेची गोष्ट आहे.

या खेळात आपल्यासारख्यांच्या फेरीला पंच नसतो. 1925 च्या अमेरिकन ओपनमध्ये प्रसिद्ध गोल्फपटू बॉबी जोन्स यांनी, दुसऱ्या कोणीही न पाहिलेल्या चेंडूच्या हालचालीबद्दल स्वतःवर एका फटक्याचा दंड लावून घेतला आणि पुढे बरोबरीनंतरच्या निर्णायक लढतीत ते हरले. रविवारच्या चौकडीतही हीच अपेक्षा असते, आणि ती पूर्ण करणाऱ्या माणसाबरोबर पुन्हा खेळावेसे वाटते.

आता शरीराबद्दल. अठरा होल चालत खेळले तर आठ ते दहा किलोमीटर चाल होते, तीही उंचसखल जमिनीवर आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात. फटक्यांच्या नोंदीची माझी जुनी कार्डे मी एकदा मांडून पाहिली, तेव्हा शेवटच्या चार होलवर माझे फटके सातत्याने वाढलेले दिसले. ते तंत्राचे अपयश नव्हते. पाय थकले की कंबर वळत नाही, मग हात एकटेच काम करतात आणि चेंडू भरकटतो. मुंबईकराची आणखी एक अडचण आहे. आपण लोकलमध्ये किंवा गाडीत आणि मग कार्यालयात मिळून दिवसाचे दहा-अकरा तास बसलेले असतो. त्यामुळे मांडीच्या पुढचे आणि खुब्याचे स्नायू आखडतात आणि पाठ वरून गोल होते. फटक्यातले वळण मुख्यतः खुब्यांतून आणि पाठीच्या वरच्या भागातून यायला हवे, कारण कमरेच्या मणक्यांना वळण्याची मुभा फारच थोडी आहे. वर आणि खाली अडले की तो भार कमरेवर येतो, आणि हौशी गोल्फपटूंच्या दुखण्यांत कंबरदुखी आघाडीवर असण्याचे हे एक मोठे कारण आहे.

त्यासाठी महागडी व्यायामशाळा लागत नाही. मी रोज पाच मिनिटे उकिडवी बसते. आपल्या आजीला जे सहज जमत होते ते मला पहिले दोन महिने भिंतीला टेकूनच जमले. सेतुबंधासनाने नितंबांना बळ येते, कुशीवर झोपून वरचा हात मागे उघडण्याच्या व्यायामाने छातीचे वळण सुटते, दात घासताना एका पायावर उभे राहिल्याने तोल सुधारतो, आणि आठवड्यातून तीनदा इमारतीचे जिने चढल्याने पंधराव्या होलवर पाय साथ देतात. पकड मजबूत व्हावी म्हणून मी दोन्ही हातांत पाण्याने भरलेल्या बादल्या घेऊन गॅलरीत फेऱ्या मारते. फेरीच्या दिवशी पहिल्या टीवर थेट ड्रायव्हर उचलण्याआधी दहा मिनिटे हातपाय मोकळे करावेत. त्या वेळी ताणून धरण्याचे व्यायाम नकोत, हालचालीचे हवेत. ताणण्याचे संध्याकाळी करावेत. कोपराच्या आतल्या बाजूला किंवा कमरेत दुखणे आठवडाभर टिकले, तर यूट्यूब न पाहता फिजिओथेरपिस्टकडे जावे.

दमट हवेत तहान लागेपर्यंत थांबू नये, दर दोन होलमागे पाणी प्यावे. मी एका बाटलीत मीठ घातलेले कोकम सरबत नेते, नवव्या होलनंतर गूळ-शेंगदाणे खाते आणि घामाने पकड सुटू नये म्हणून दोन हातमोजे आलटून पालटून वापरते. पावसाळ्यात वीज कडकडू लागली, तर कोणाच्या परवानगीची वाट न पाहता खेळ थांबवावा. नियम ती मुभा प्रत्येक खेळाडूला देतो. झाडाखाली किंवा उघड्या छत्रीखाली उभे राहणे मात्र धोक्याचे आहे.

हँडिकॅपच्या त्या आकड्याबद्दलही थोडे. 2020 पासून लागू झालेल्या जागतिक पद्धतीत शेवटच्या 20 कार्डांपैकी उत्तम आठ कार्डांची सरासरी धरली जाते, आणि एका होलवर जास्तीत जास्त पार (त्या होलसाठी ठरलेले फटके), अधिक दोन, अधिक हँडिकॅपमुळे तुम्हाला त्या होलवर मिळणारे फटके एवढेच मोजले जातात. त्यामुळे एखादा होल बिघडला म्हणून आकडा एकदम वाढत नाही आणि वाईट कार्ड लपवण्याचेही कारण उरत नाही. स्पर्धा नसेल आणि ही मर्यादा गाठली असेल, तर चेंडू उचलावा आणि पुढे चालू लागावे.

लिफ्टमध्ये प्रश्न विचारणारे गृहस्थ येत्या रविवारी माझ्याबरोबर खारघरला येत आहेत. नवा ड्रायव्हर घ्यावा का, असे त्यांनी निघताना पुन्हा विचारले. तो दिवाळीनंतर पाहू, असे मी त्यांना सांगितले आहे. तूर्त त्यांनी ग्रीन दुरुस्त करण्याचा काटा आणि दोन लिटर पाणी बरोबर आणायचे आहे, आणि टीच्या वेळेआधी अर्धा तास पोहोचायचे आहे.