डाळिंबाचे हेक्टर आणि उपटलेली बाग

फळबागांखालील क्षेत्र किती वाढले याचे आकडे वाचताना मला दरवेळी सांगोला तालुक्यातील मामांचा मुरमाड माळ आठवतो, कारण काही वर्षांपूर्वी त्यांना तेथील डाळिंबाची उभी बाग जेसीबी लावून उपटावी लागली.

त्या माळावर पूर्वी बाजरी आणि मटकीपलीकडे फारसे काही येत नसे. १९९० मध्ये राज्य शासनाने फळबाग लागवड रोजगार हमी योजनेला जोडली, त्यापाठोपाठ ठिबक आले, आणि कमी पाऊस, कोरडी हवा व हलकी जमीन ही दुष्काळी भागाची जुनी दुखणी डाळिंबाला मात्र मानवली. पुढे राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा ‘भगवा’ वाण आला. त्याची जाड साल लांबचा प्रवास सोसते आणि रंग व्यापाऱ्याच्या नजरेत भरतो, त्यामुळे जुना ‘गणेश’ बघता बघता मागे पडला.

याच भरभराटीने रोगाची वाट सोपी केली, असे माझे मत आहे. बांधाला बांध लागून एकाच वाणाच्या बागा उभ्या राहिल्या, आणि तेल्या हा जिवाणूजन्य रोग रोगट झाडांवर बांधलेल्या गुटीतून (फांदीलाच मुळे फोडून केलेल्या कलमातून), छाटणीच्या कात्रीतून आणि पावसाच्या शिंतोड्यांतून पसरत गेला. फळावर तेलकट डाग पडतो, साल तडकते, आणि ते फळ क्रेटऐवजी उकिरड्यावर जाते. पावसाळी दमट हवा टाळण्यासाठी मामांनी पावसाळ्याच्या सुरुवातीचा मृग बहार (फुलोरा) सोडून पाऊस ओसरतानाचा हस्त बहार धरला. परंतु मर रोग आणि खोडाला बारीक छिद्रे पाडणारा भुंगेरा यांना बहाराचे सोयरसुतक नसते.

डाळिंबाचे झाड पंधरा वर्षे सहज फळ देऊ शकते. मामांची बाग आठव्या वर्षी गेली. लागवडीचे अनुदान मोजले जाते, तशी उपटलेली झाडेही मोजली गेली, तरच वाढीचा हिशेब खरा म्हणता येईल. (सोलापुरात २००५ पासून डाळिंबाचे राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे; त्यामुळे शिफारशींची कमतरता नाही.)

आता निम्म्या माळावर सीताफळ आहे. उरलेल्या निम्म्यावर मामांनी पुन्हा भगवाच लावला आहे, या वेळी ४.५ बाय ३ मीटर अंतर टेप धरून मोजले आहे, आणि छाटणीच्या वेळी प्रत्येक झाडानंतर कात्री निर्जंतुक द्रावणात बुडवायला ते स्वतः बादली घेऊन गड्यांच्या मागे फिरतात.