चतुःसंघाची नोंदणी: एका चौकोनात अडकलेला संरक्षण करार

फोंड्याच्या उच्च माध्यमिक विद्यार्थ्यांचा एक गट घेऊन मी यंदा पणजीतील एका अभिरूप परिषदेत, म्हणजे विद्यार्थी राष्ट्रांचे प्रतिनिधी बनून वाटाघाटींचा सराव करतात अशा परिषदेत, मार्गदर्शक म्हणून सहभागी झालो. परिषदेचे जग संपूर्ण काल्पनिक होते. त्यात भारत नव्हता, पोर्तुगाल नव्हता, अमेरिकाही नव्हती. आमच्या वाट्याला वरुणद्वीप नावाचे बेटराष्ट्र आले आणि त्याच्याबरोबर दुसऱ्या खंडाच्या किनाऱ्यावरची त्याची एक जुनी वसाहतही आली. शेजारच्या तीन राष्ट्रांशी परस्पर संरक्षणाचा करार करून ‘चतुःसंघ’ स्थापायचा आणि तो नोंदणी कक्षात नोंदवायचा, असे काम होते. नोंद नसलेल्या कराराचा आधार शेवटच्या सत्रात घेता येणार नव्हता. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतील कलम १०२ मध्येही अशीच तरतूद असल्याने नियमाबद्दल माझी तक्रार नव्हती.

वाटाघाटी आणि सह्या यांविषयी सांगण्यासारखे फारसे काही नाही. मुले हुशार होती आणि मसुदा वेळेत तयार झाला. अडले ते नोंदणीच्या अर्जावर. त्या अर्जात एक चौकोन होता: ‘करार सर्व सदस्यांच्या सर्व भूभागांना लागू आहे: होय / नाही’. आम्ही ‘नाही’वर खूण केली, कारण वसाहतीच्या रक्षणाची जबाबदारी घ्यायला उरलेली तिन्ही राष्ट्रे तयार नव्हती आणि मसुद्यात तसे स्पष्ट लिहिलेही होते. अर्ज ‘अपूर्ण’ असा शेरा मारून परत आला. काय अपूर्ण आहे, ते कुठेही लिहिलेले नव्हते.

आम्ही खुलासा जोडून अर्ज पुन्हा दिला, तरी तोच शेरा आला. कक्षातला स्वयंसेवक अतिशय नम्र होता, पण त्याच्याकडे उत्तर एकच होते: “सर, सिस्टीम ‘नाही’ घेत नाही. तुम्ही ‘होय’ करून टाका, पुढचे पुढे बघू.” मुख्य परीक्षकांना भेटू द्या म्हटले, तर ते सत्रात असत, आणि सत्र संपले की जेवायला गेलेले असत. दारापाशी ताटकळणाऱ्या मुलांचा उत्साह ओसरताना पाहून मला जो संताप आला, तो अजून पुरता निवळलेला नाही. परस्पर संरक्षणाच्या करारात ज्या कलमावर सगळे अवलंबून असते, नेमके तेच कलम एका ‘होय’मध्ये कोंबायला आम्हाला सांगितले जात होते, आणि तेही गोव्यात!

४ एप्रिल १९४९ रोजी वॉशिंग्टनमध्ये उत्तर अटलांटिक करारावर, म्हणजे नाटो या लष्करी आघाडीच्या मूळ करारावर, ज्या बारा राष्ट्रांनी सह्या केल्या, त्यांत पोर्तुगाल होता आणि त्या वेळी गोवा पोर्तुगालच्या ताब्यात होता. एकावरचा सशस्त्र हल्ला हा सर्वांवरचा हल्ला मानायचा, हे त्या कराराचे पाचवे कलम सर्वांना पाठ असते. सहावे फारसे कोणी वाचत नाही. संरक्षण कोणत्या प्रदेशाला मिळणार, हे त्यात आखून दिले आहे: सदस्यांचा युरोप व उत्तर अमेरिकेतील भूभाग आणि उत्तर अटलांटिकमधील, कर्कवृत्ताच्या उत्तरेची बेटे. फ्रान्सच्या ताब्यातील अल्जीरिया आफ्रिकेत असूनही त्यात आला, कारण त्याचा उल्लेख नावानिशी केला होता. गोव्याचा तसा उल्लेख नव्हता. पुढे १९५१ मध्ये पोर्तुगालने घटनादुरुस्ती करून आपल्या वसाहतींना ‘सागरपार प्रांत’ म्हणायला सुरुवात केली, तरी त्यामुळे कराराची सीमा तसूभरही सरकली नाही. डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सेना गोव्यात आली, तेव्हा नाटोवर लढायला उतरण्याचे कोणतेही बंधन नव्हते. ब्रिटनशी असलेल्या चौदाव्या शतकापासूनच्या मैत्रीच्या करारांचा पोर्तुगालने धावा केला, पण तिकडूनही लष्करी मदत आली नाही.

हे मी मुलांना कक्षाबाहेरच्या बाकावर बसून सांगितले. आमच्यातल्या एका मुलीने लगेच सुचवले की वसाहतीला आपणही ‘प्रांत’ म्हणू, म्हणजे ‘होय’ म्हणता येईल. मी नको म्हणालो. पोर्तुगालला जे साधले नाही, ते आपल्याला कशाला? शिवाय तसे केल्यास मित्रराष्ट्रांच्या गळ्यात त्यांनी नाकारलेली जबाबदारी पडली असती.

अखेर वाट मिळाली ती मसुद्यातच. भूभागाची मर्यादा आम्ही शेवटी वेगळ्या कलमात घातली होती. ती काढून पहिल्याच कलमातील व्याख्येत घेतली: ‘या करारापुरता सदस्याचा भूभाग म्हणजे परिशिष्टातील नकाशात दाखवलेला प्रदेश.’ नकाशात वसाहत दाखवली नाही. आता चौकोनात ‘होय’ म्हणणे शंभर टक्के खरे होते. अर्ज त्याच दिवशी मंजूर झाला. अशा परिषदेत उतरणाऱ्यांना माझे सांगणे असे की मसुदा लिहिण्याआधी नोंदणीचा अर्ज मागून घ्या, नकाशावर अक्षांश-रेखांश घाला आणि अर्ज देताना तारखेसह पोच घ्या; आमच्याकडे पोच होती, म्हणूनच मुदत उलटल्याचा आक्षेप टिकला नाही.

शेवटच्या सत्रात अपेक्षेप्रमाणे वसाहतीवरच हल्ला झाला. वरुणद्वीपाच्या प्रतिनिधीने मदत मागितली नाही, कारण काय मागता येत नाही, हे त्याला ठाऊक होते. परीक्षकांनी खोदून विचारले, तेव्हा त्याने व्याख्या आणि परिशिष्ट वाचून दाखवले. मला त्याचा फार अभिमान वाटला.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. करारातून बाहेर पडण्याचे कलम विसरू नका. नाटोच्या करारात ते तेरावे आहे: वीस वर्षांनंतर, एका वर्षाची पूर्वसूचना देऊन. अभिरूप परिषदेत वर्ष म्हणजे किती सत्रे, हे मसुद्यातच लिहून ठेवा. अन्यथा त्यासाठीही त्याच कक्षाच्या दारात उभे राहावे लागेल.