नावाचं विशेषण होतं तेव्हा

मुद्रितं तपासताना माझी पेन्सिल हमखास थबकते ती विशेषनामांपासून बनलेल्या विशेषणांवर. भारत हे नाव, भारतीय हे विशेषण. व्याख्या एवढ्यात संपते. काम मात्र तिथून सुरू होतं.

‘पाणिनीचं व्याकरण’ म्हटलं की ते त्या एका माणसाने रचलेलं. ‘पाणिनीय व्याकरण’ म्हटलं की त्यात पाणिनीच्या सूत्रांवर वार्तिकं म्हणजे पूरक टिपणं लिहिणारा कात्यायन येतो, त्यांवर भाष्य लिहिणारा पतंजली येतो, त्या पद्धतीने पुढे विचार करणारे सगळेच येतात. चा-ची-चे लावलं की मालकी कळते, विशेषण केलं की घराणं कळतं. हा फरक मला फार मोलाचा वाटतो, म्हणून लेखकाला विचारल्याशिवाय मी एकाच्या जागी दुसरं करत नाही.

विशेषण करायची रीतही नावागणिक बदलते. संस्कृत वळणात नावाचा पहिलाच स्वर वाढतो: शिव-शैव, विष्णू-वैष्णव, बुद्ध-बौद्ध. रोजच्या मराठीला बहुतेक वेळा शेवटचा ‘ई’ पुरतो: जपानी, इराणी, आंबेडकरी चळवळ. गांधी या नावात तो ‘ई’ आधीच आहे, मग आपण ‘गांधीवादी विचार’ म्हणतो. टोपी मात्र नुसती ‘गांधी टोपी’. वादी म्हणजे मत मानणारा, ते टोपीला कसं लागू पडणार? तिथे नाव जसंच्या तसं विशेषणाच्या जागी उभं राहतं.

सगळ्यात जास्त दुरुस्त्या ऱ्हस्व-दीर्घाच्या. कोल्हापूर दीर्घ, कोल्हापुरी ऱ्हस्व. चीन दीर्घ, चिनी ऱ्हस्व. मोठ्याने म्हणून बघा. ‘पूर’मध्ये र अर्धवट उच्चारून आपण थांबतो आणि पू लांबतो. ‘ई’ आला की र त्याला जाऊन मिळतो आणि पु आखडतो. ‘कोल्हापूरकर’मध्ये र पुन्हा पूला चिकटतो, म्हणून तिथे दीर्घच. कान शाबूत असेल तर नियम पाठ करावा लागत नाही.

इंग्रजीत अशी विशेषणं मोठ्या अक्षराने सुरू होतात, त्यामुळे मूळ नाव डोळ्यांना दिसत राहतं. देवनागरीत ती सोय नाही. शिवाय ‘ई’कारान्त विशेषण लिंग-वचनाने बदलत नाही: जपानी मुलगा, जपानी मुलगी, जपानी मुलं. चांगला-चांगली-चांगले असं त्याचं होत नाही.

तेच विशेषण नाम झालं की मात्र बदलू लागतं. पैठणी साडीतली साडी गळाली, उरली पैठणी. आता तिला विभक्ती लागते, पैठणीचा पदर होतो, अनेकवचनात पैठण्या होतात. येवल्यात विणलेली असली तरी ती पैठणीच.