चमकणारी पायरी म्हणजे डबल डाय नव्हे

जुन्या बाजारात नाण्यांच्या चादरीपुढे उकिडवं बसलं की 'मिंट एरर', म्हणजे टाकसाळीतच झालेली चूक, कानावर पडतंच. ठोकलेलं, भाजलेलं, ॲसिडात बुडवलेलं, सगळंच एरर. त्यातली बरीचशी नाणी वजनकाटा आणि लोहचुंबकच बाद करतात. माझा वेळ आणि चिडचिड खर्च झाली ती दुहेरी दिसणाऱ्या अक्षरांवर.

सोपं आधी उरकू. ०.०१ ग्रॅम दाखवणारा खिशातला काटा घ्या. नकाशा असलेलं अकरा कोनी २ रुपयांचं नाणं ६ ग्रॅम, तांबं-निकेलचं जुनं जाड ५ रुपयांचं ९ ग्रॅम. २०११ मध्ये आलेल्या मालिकेत १ रुपयाचं ३.७९, २ रुपयांचं ४.८५ आणि १० रुपयांचं ७.७१ ग्रॅम. ॲसिडात राहिलेलं नाणं सगळीकडून सारखं झिजतं, कडा पातळ होते, वजन घटतं. चुकीच्या चकतीवर ठसा पडलाय असं कोणी म्हणालं तर त्याचं वजन दुसऱ्या एखाद्या नाण्याच्या वजनाशी जुळतंय का ते बघा. नुसतं कमी भरलं तर बहुधा झीज. स्टीलचं नाणं चुंबकाला चिकटतं, तांबं-निकेलचं नाही. एवढ्यावरही पुष्कळ वाद मिटतात.

उलटी आणि खोलगट अक्षरं दिसली तर मागची बाजू बघा. टाकसाळीतलं ब्रोकेज (आधीचं नाणं साच्याला चिकटून राहिल्याने पुढच्यावर त्याचा उलटा ठसा) असेल तर मागचा ठसा नेहमीसारखा भरीव असतो. दोन नाणी व्हाइसच्या शिकंज्यात दाबून केलेला प्रकार असेल तर नाण्यावरचा मूळ ठसाही खाली दिसत राहतो आणि मागची अक्षरं त्याच जागी चेपलेली मिळतात.

आता मुख्य दुखणं. अक्षरं दुहेरी दिसण्याची कारणं निदान चार, पण बाजारात सगळ्यांचं नाव 'डबल डाय'. डाय म्हणजे नाण्यावर ठसा उठवणारा साचा. फोटो पाठवून मत विचारलं की 'दुर्मिळ आहे, जपून ठेवा' असं उत्तर येतं. दुहेरी कशामुळे झालं, ते कोणी सांगत नाही.

खरी डबल डाय नाणं पाडण्याच्या आधीच बिघडलेली असते. डाय तयार करताना हब, म्हणजे तिच्यात नक्षी उमटवणारा मूळ ठसा, तिच्यात एकाहून जास्त वेळा दाबला गेला आणि दुसऱ्या वेळी जरासा सरकला, तर डायमध्येच दोन प्रतिमा कोरल्या जातात. त्यामुळे नाण्यावर दोन्ही प्रतिमा गोलसर आणि भरीव उठतात, अक्षर मुळापेक्षा जाड होतं आणि टोकाला खाच पडून ते दुभंगलेलं दिसतं.

बाजारात मिळतं ते बहुतेक वेळा मशीन डबलिंग. ठसा बसल्यावर सैल डाय नाण्यावरून उचलली जाताना किंचित घसरते आणि नुकत्याच उठलेल्या अक्षराची बाजू खरवडते. तिथे सपाट, बसकी पायरी तयार होते. इथे अक्षर जाड होत नाही, उलट त्याच्याच अंगातली धातू सरकल्यामुळे वरचा भाग बारीक होतो. अशा नाण्याला दर्शनी किमतीपेक्षा जास्त देऊ नये, हे माझं ठाम मत.

तिसरं कारण थकलेली डाय. तेव्हा अक्षरांभोवती धूसर सावली असते, बहुधा कडेच्या बाजूला, आणि मोकळी जागा संत्र्याच्या सालीसारखी खडबडीत दिसते. चौथं म्हणजे तेच नाणं दोनदा ठोकलं जाणं. त्यात एखादं अक्षर नव्हे, अख्खा ठसा दोनदा असतो आणि पहिला दुसऱ्याखाली दबलेला असतो.

हे ओळखायला ट्यूबलाइट कुचकामी, पसरट उजेडात पायरी दिसतच नाही. एकच दिवा, एका बाजूने, खाली ठेवा. दिवा न हलवता नाणं हळूहळू फिरवा. मशीन डबलिंगची पायरी एका कोनात एकदम लकाकते, कारण तो खरवडलेला सपाट भाग असतो. दहापट भिंग पुरे. ते डोळ्याशी धरा आणि नाणं भिंगाकडे आणा. मोबाइलच्या फोटोवर निकाल देऊ नका. कॅमेरा कडा ठळक करतो आणि नसलेली रेघ उभी करतो.

देवनागरीत आणखी एक गोम आहे. ठसा आडवा सरकला असेल तर शिरोरेषा स्वतःवरच पडते आणि काही कळत नाही. तेव्हा 'भारत'मधला काना बघा. उभा सरकला असेल तर काना गप्प राहतो आणि शिरोरेषा दोन होतात. 'राष्ट्रीय एकता'वर दोन्ही तपासता येतं. 'सत्यमेव जयते' इतकं बारीक असतं की ते सगळ्यात शेवटी.

तरीही शंका उरली तर त्याच सालाचं, त्याच टाकसाळीचं दुसरं नाणं चिल्लरीत शोधा. सालाखाली पत्त्यांतल्यासारखी चौकट असेल तर मुंबई, चांदणी असेल तर हैदराबाद, ठिपका असेल तर नोएडा, काहीच नसेल तर कोलकाता. दोष डायमध्ये असेल तर तो त्याच अक्षरावर, त्याच दिशेला, तेवढाच मिळतो. सैल डायची घसरण कमीजास्त होते. हा शोध कंटाळवाणा आहे, पण विक्रेत्याच्या शब्दापेक्षा भरवशाचा.

परदेशी टाकसाळीच्या खुणा म्हणजे चूक नव्हे. १९८५ च्या एक रुपयावरचा इंग्रजी 'एच' हे बर्मिंगहॅमच्या हीटन टाकसाळीचं चिन्ह आहे. तो नाण्याचा एक प्रकार, वेगळा जपावा, पण एरर म्हणून पैसे मोजू नयेत.

आणि हो, तपासायच्या आधी नाण्याला चिंच, पितांबरी, टूथपेस्ट काहीही लावू नका. घासल्यावर सगळंच लकाकतं, मग पायरीची लकाकी कशी ओळखणार?

१० रुपयांच्या नाण्याचा मधला भाग काढून 'विनागाभा एरर' म्हणून कडं विकतात. भोकाची आतली कड बघा. कडं रिकामंच ठोकलं गेलं असेल तर धातू आत फुगून कड गोलसर होते आणि नक्षी आत ओढली जाते. नंतर ठोकून काढलेल्या कड्यात भोक नेटकं असतं, गाभ्यात अडकलेल्या धातूची खूण किंवा हत्याराचा ओरखडा असतो.

वैष्णोदेवीचं चित्र असलेल्या नाण्याला लाखो रुपये देतो म्हणणाऱ्याने आधी कमिशन किंवा कर मागितला तर फोन ठेवा. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच सांगितलंय की अशा व्यवहारांशी तिचा संबंध नाही आणि ती असे पैसे मागत नाही.