शनिवारचा खाऊ आणि दुधाचे दात

शनिवारी दुपारी स्वीडनमधल्या लुंड शहरातल्या कुठल्याही मोठ्या दुकानात जा, गोळ्यांच्या भिंतीपाशी मुलांची झुंबड दिसेल. भिंतच म्हणायची ती. वरपासून खालपर्यंत पारदर्शक डबे: आंबट साखर लावलेली रबरी अस्वलं, टॉफ्या, आणि काळ्या, चक्क खारट ज्येष्ठमधाच्या गोळ्या (या मला आजतागायत जमलेल्या नाहीत). कागदी पिशवी घ्यायची, छोट्या डावाने हवं ते भरायचं आणि वजनाप्रमाणे पैसे द्यायचे. स्वीडनमध्ये माणशी वर्षाला 15 किलोच्या आसपास गोळ्या-चॉकलेटं खपतात असं इथे नेहमी सांगितलं जातं, आणि ती गर्दी बघून ते खोटं वाटत नाही. तरीही इथल्या बहुतेक लहान मुलांचे दात चांगले असतात. आमच्या घरच्या ग्रुपवर हे लिहिलं तर माझ्या मावशीने विचारलं, "मग आमच्या पिंट्याला दिवसाला एक बिस्किट देतो, त्याच्याच दाढा का किडल्या गं?"

प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं बरंचसं उत्तर माझ्या घरापासून सायकलच्या अंतरावर आहे. लुंडच्या पूर्वेला विपेहोल्म नावाचा भाग आहे. तिथे आज मोठ्या मुलांची शाळा भरते. त्याच जागी 1935 साली मतिमंद रुग्णांसाठी एक सरकारी रुग्णालय सुरू झालं होतं. त्या काळात स्वीडनमधल्या मुलांच्या दातांची अवस्था वाईट होती, 1938 साली सरकारी दंतसेवा उभी करायचं ठरलं होतं, पण दात नेमके कशाने किडतात हे ठामपणे कुणालाच सांगता येत नव्हतं. म्हणून 1945 पासून विपेहोल्मच्या रुग्णांवर प्रयोग झाले. पैसा सरकारचा होता, आणि साखर-चॉकलेट कारखानदारांचाही. काही रुग्णांना जेवणात जास्तीची साखर दिली, काहींना गोड पाव, आणि काहींना दिवसभर अधूनमधून चिकट टॉफी. ही टॉफी दातांना चिकटून राहावी अशीच मुद्दाम बनवलेली होती. रुग्णांना कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी त्यांच्यातल्या बहुतेकांना संमती म्हणजे काय हे कळलं नसतं. कित्येकांचे दात कायमचे गेले.

1954 साली निष्कर्ष छापले गेले. जेवणाबरोबर खाल्लेल्या साखरेने कीड फारशी वाढली नाही. मधल्या वेळात पुन्हा पुन्हा खाल्लेल्या चिकट गोडाने ती झपाट्याने वाढली. त्यानंतर सरकारी आरोग्य खात्याने लोकांना सांगायला सुरुवात केली की गोळ्या खायच्या तर आठवड्यातून एकदाच खा. शनिवारच्या खाऊची चाल तिथून आली. इथल्या वडीलधाऱ्यांपैकी अनेकांना हा इतिहास माहीत आहे आणि त्याची लाजही वाटते. मला विचाराल तर नियम चांगला आहे, पण ज्यांच्या जिवावर तो कळला त्यांची आठवण त्या गोळ्यांच्या भिंतीपाशी कुठेतरी असायला हवी होती.

तोंडातले जंतू साखर खातात आणि आम्ल बनवतात. एक गोळी खाल्ली की साधारण अर्धा तास दाताच्या वरच्या थरातून क्षार निघत राहतात. मग लाळ हळूहळू सगळं पूर्ववत करते, निघालेले क्षार थोडेफार परत बसतात. लाळेला त्यासाठी वेळ लागतो. दहा गोळ्या एका बैठकीत खाल्ल्या तर दाताला मार एकदाच बसतो. त्याच दहा सकाळपासून रात्रीपर्यंत पुरवून खाल्ल्या तर लाळेला सवडच मिळत नाही. पिंट्याचं "एक बिस्किट" म्हणजे प्रत्यक्षात सकाळी दुधात बुडवून अर्धं, अकरा वाजता रडला म्हणून पाव, दुपारी आजोबांच्या चहाबरोबर एक तुकडा, संध्याकाळी बागेत उरलेला. शिवाय भिजलेलं बिस्किट दाढांच्या खाचांत लगद्यासारखं बसून राहतं.

यात आपल्याकडची एक गोष्ट मला फार शहाणपणाची वाटते. आपल्या ताटात गोड जेवणाबरोबरच असतं. पुरणपोळी, श्रीखंड, शिरा हे वरणभात-भाजी-कोशिंबिरीच्या सोबतीने येतं, त्यावर पाणी किंवा ताक पोटात जातं, आणि विषय संपतो. दातांच्या दृष्टीने ही पद्धत उत्तम आहे. घोटाळा सणाच्या ताटात नाही, येता-जाता हातावर ठेवल्या जाणाऱ्या खाऊत आहे. दिवाळीत आमच्याकडे फराळाचे डबे असतात, मुलं करंज्या-लाडू खातात, पण जेवणानंतर लगेच. मधल्या वेळी भूक लागली तर फळ, चिरमुरे, शेंगदाणे (धाकट्याला कूट करून, अख्खे दाणे घशात अडकतात), नाहीतर इथला तो कडक राईचा कुरकुरीत पाव. तहान लागली तर पाणी. लेक शनिवारी पिशवी घेते, धाकटा अजून त्या भिंतीचा अर्थ समजायच्या वयाचा नाही आणि मी त्याला तो समजावून सांगणार नाही.

आता दवाखान्याबद्दल. इथल्या सरकारी दंतसेवेचं नाव फोल्कतान्दवोर्देन. मुलांवरचे उपचार मोफत असतात. पूर्वी ही सवलत 23 वर्षांपर्यंत होती, 2025 पासून ती 19 पर्यंत आणली. आपण नंबर लावायला जायचं नसतं, बोलावण्याचं पत्र घरी येतं. लेकीला पहिल्यांदा नेलं तेव्हा ती तीनेक वर्षांची होती. त्या भेटीत तिच्या तोंडात फक्त एक आरसा गेला. खुर्ची वर-खाली करून दाखवली, दात मोजले, एक स्टिकर दिलं, झालं. मला तेव्हा हे फारच फुकटचं वाटलं होतं, पण हेतू तोच असतो. दुखायला लागल्यावर पहिल्यांदा डॉक्टर बघितलेलं मूल आणि आधी दोन-तीनदा नुसतं खेळून आलेलं मूल, दोघांना खुर्चीत बसवण्यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. भारतातही पहिल्या वाढदिवसाच्या सुमारास एकदा मुलांच्या दंतवैद्याला दाखवून आणा. लहान मुलांच्या दातांचे तज्ज्ञ आपल्याकडे आता जिल्ह्याच्या गावीही भेटतात.

मोफत आहे म्हणून टाळाटाळ चालेल असं मात्र नाही. आई-बाप मुलाला वारंवार आणत नसतील आणि दात किडत चालले असतील, तर समाजकल्याण खात्याला कळवणं इथल्या दंतवैद्यांवर कायद्याने बंधनकारक आहे. नव्याने आलेली भारतीय कुटुंबं हे ऐकून घाबरतात. घाबरण्यासारखं काही नसतं, एखादी तारीख हुकली तर फोन करून दुसरी मागावी.

घरी गेल्यावर पाळायचा खरा नियम सासूबाईंना अजून पटलेला नाही: मूल साधारण 10 वर्षांचं होईपर्यंत दात पालकांनी घासायचे. "एवढी घोडी झाली, स्वतःचे दात स्वतः घासता येत नाहीत?" असं त्या लेकीसमोरच म्हणतात. ती घासते, मग मी परत घासते. सात वर्षांच्या हाताला मागच्या दाढांच्या आतल्या बाजूपर्यंत ब्रश वळवणं नीट जमत नाही. धाकट्याला मांडीवर आडवं घेते, डोकं माझ्याकडे, म्हणजे वरचे दात दिसतात. रडलं तर तोंड उघडं असतंच. आठवड्यातून एकदा ओठ उचलून बघायचं हेही इथल्या नर्सने शिकवलं. वरच्या पुढच्या दातांवर, हिरडीलगत, खडूसारखी पांढरी रेघ दिसली तर ती किडीची पहिली खूण. त्या वेळी ती थांबवता येते. तपकिरी खड्डा पडल्यावर मग ड्रिल आलं.

वरचे पुढचे दात आधी का जातात, हेही ऐकून ठेवा. बाटली तोंडात धरून झोपलेल्या बाळाच्या खालच्या दातांवर जीभ असते, वरचे उघडे पडतात आणि झोपेत लाळ कमी सुटते. त्या बाटलीत साखर किंवा चॉकलेटी पावडर घातलेलं दूध असेल तर विचारायलाच नको. चोखणीला मध लावायची सवयही सोडा. दातांसाठी वाईट आहेच, शिवाय एक वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून गंभीर विषबाधा होऊ शकते.

पेस्टबद्दल सगळ्यात जास्त प्रश्न येतात. इथे पहिला दात दिसल्या दिवसापासून फ्लोराइडची पेस्ट, दिवसातून दोनदा. लहान मुलांना साधारण 1000 पीपीएमची (म्हणजे पेस्टच्या दहा लाख भागांत 1000 भाग फ्लोराइड), प्रमाण बाळाच्या करंगळीच्या नखाएवढं. अगदी तान्ह्यांना भाताच्या शितापेक्षाही कमी पुरते. घासून झालं की थुंकायचं, पण चुळा भरायच्या नाहीत, म्हणजे फ्लोराइड दातांवर राहतं. भरपूर खळखळून चूळ भरायला शिकलेल्या आपल्या पिढीला हे विचित्र वाटतं. भारतात मुलांच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या काही पेस्टमध्ये फ्लोराइड अजिबात नसतं, तेव्हा पाठीमागची बारीक अक्षरं वाचा.

फ्लोराइडची भीती मात्र मी हसण्यावारी नेत नाही. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यातच ते जास्त आहे आणि मुलांच्या दातांवर डाग पडतात. तिथे पाणी तपासून घ्यावं आणि पेस्टबद्दल डॉक्टरला विचारावं. स्वीडननेही या प्रश्नावर वाद घातला आहे. नोरशोपिंग शहरात 1952 पासून दहा वर्षं नळाच्या पाण्यात फ्लोराइड घालून पाहिलं, पुढे त्यासाठीचा कायदा आला, आणि 1971 मध्ये तो रद्दही झाला. शाळांमध्ये मात्र फ्लोराइडच्या पाण्याने गुळण्या करून घेणारी बाई येत असे. माझ्या ऑफिसातले पन्नाशीचे लोक त्या गुळणीची चव आठवून अजून तोंड वाकडं करतात.

बाकीच्या शंका पटापट. वर्ष झालं तरी दात नाही: बहुतेकदा काळजी नको, तेरा-चौदा महिन्यांपर्यंत थांबा. दात येताना ताप: अंग किंचित कोमट होऊ शकतं, पण 102 ताप किंवा जुलाब दातांच्या नावावर खपवू नका, डॉक्टरकडे जा. झोपेत दात करकर वाजवतो: जंतांचं औषध त्यासाठी देऊ नका, त्याचा संबंध नाही, बहुतेक मुलांचं आपोआप थांबतं. दात काळे पडलेत आणि लोहाचं औषध चालू आहे: बहुतेकदा तो वरवरचा डाग असतो, दंतवैद्य पॉलिश करून काढतात. चोखणी किंवा अंगठा: तिसऱ्या वर्षापर्यंत सुटला तर पुढच्या दातांमधली फट बऱ्याचदा भरून येते. खाली दुधाच्या दातामागे दुसरी रांग उगवली: सहाव्या वर्षी हे खूप मुलांत होतं, दुधाचा दात हलत असेल तर जीभच नव्याला पुढे ढकलते. हलतच नसेल तर दाखवा.

सगळ्यात हट्टी वाक्य एकच: "दुधाचे आहेत, पडायचेच आहेत." पुढचे पडतात सहा-सात वर्षांचे असताना, हे खरं. दुधाच्या दाढा मात्र दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात राहायच्या असतात. तीन वर्षांच्या मुलाची दाढ किडली तर त्याला त्याच दाढेवर पुढची सात-आठ वर्षं जेवायचं आहे. ती लवकर काढावी लागली तर शेजारचे दात त्या जागेत सरकतात आणि खालून येणाऱ्या पक्क्या दाताची वाट अडते. मग बाराव्या वर्षी तारांचा खर्च. पू झाला तर खालच्या पक्क्या दातालाही इजा होऊ शकते.

याच वयात आणखी एक गंमत होते. सहा वर्षांच्या सुमारास शेवटच्या दुधाच्या दाढेच्याही मागे पहिली पक्की दाढ येते. कुठलाही दात पडत नाही, रक्त येत नाही, दोरा बांधावा लागत नाही, त्यामुळे घरात कुणाला पत्ताच लागत नाही. आई-बाप तिला दुधाचीच समजतात. ती जन्मभर पुरायची असते आणि तिच्या खाचा सुरुवातीला खोल असतात. लेकीच्या दाढांच्या खाचा दंतवैद्याने पातळ लेप लावून बुजवल्या. भारतातही हे करतात, सहा-सातव्या वर्षी विचारून बघा.

आणि उन्हाळा आला की इथे प्रत्येक अंगणात ट्रॅम्पोलिन उभं राहतं, म्हणून शेवटचं. दात आदळून मुळासकट निघाला तर आधी तो दुधाचा की पक्का ते बघा. दुधाचा असेल तर परत बसवायचा नाही, नुसता डॉक्टरला दाखवा. पक्का असेल तर मुळाला हात न लावता वरच्या भागाला धरून उचला. माती लागली असेल तर घासू नका, दुधात किंवा पाण्यात एकदा हळूच खळबळून काढा आणि जमलं तर तिथल्या तिथे जागेवर बसवून मुलाला रुमाल चावून धरायला सांगा. नाही जमलं तर कपभर दुधात टाका आणि तासाभराच्या आत दंतवैद्याकडे पोचा. पाण्यात ठेवून नेऊ नका.