तुम्ही विचारलंत म्हणून : "काढून टाक ना मनातून!"

ओसीडी म्हणजे नको ते विचार पुन्हा पुन्हा येण्याचा आणि त्यांपायी त्याच त्याच गोष्टी करत राहण्याचा मानसिक आजार. तो मला आहे म्हटलं की लोक आधी माझ्या हातांकडे बघतात, सारखी धुते का म्हणून. हात मी चारचौघींइतकेच धुते. माझं प्रकरण सुरीचं. ते सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला : "अगं, मग तो विचार मनातून काढून टाकता येत नाही का?"

भाचा सात महिन्यांचा होता, चटईवर पालथा पडून खुळखुळा चोखत होता. मी शेजारी काकडी चोचवत होते. एकदम मनात आलं, ही सुरी ह्यालाच मारली तर? दरदरून घाम फुटला. त्या दिवसापासून सुऱ्या माळ्यावर गेल्या, काकडी किसणीवर आली आणि मी भाच्याला कडेवर घेईनाशी झाले. आईला दिवसातून वीसदा विचारायचे, "मी असं काही करणार नाही ना गं?" तिच्या "नाही गं बाळा"ने दहा मिनिटं बरं वाटायचं. मग पुन्हा तेच.

'वास्तू तथास्तु म्हणते' हे ऐकतच मी वाढले. अभद्र बोलू नये, मनातही आणू नये. बाकीचे हे ऐकून सोडून देतात, मी धरून बसले. विचार आला म्हणजे निम्मं पाप झालंच, आणि तो अडवला नाही तर उरलेलंही माझ्याच हातून होणार! दुखणं ह्या समजुतीत होतं. स्टॅन्ली रॅकमन आणि पद्मल डिसिल्वा या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्येच दाखवलं होतं की असले भलतेसलते विचार आजार नसलेल्या बहुतेकांनाही येतात. त्यांचे येतात आणि जातात, कारण त्यांना कोणी पाट मांडून बसवत नाही.

आणि काढून टाकायचं म्हणाल, तर गोष्टीतला तो वैद्य आठवा : औषध घे, फक्त घेताना माकड आठवू नकोस. माझं माकड चोवीस तास घरात होतं.

गोळ्या सुरू झाल्या, त्याबरोबर ईआरपी. म्हणजे ज्याची भीती त्याच्यासमोर बसायचं आणि सुटकेसाठी जे जे करतो ते करायचं नाही. आधी नुसती सुरी ओट्यावर ठेवायची. मग हातात धरायची. कितीतरी आठवड्यांनी भाचा शेजारी आणि मी काकडी चोचवतेय. विचार आला. त्याला हाकललं नाही, 'मी तशी नाही' म्हणून वादही घातला नाही. हात थरथरत होते, कोशिंबिरीचे तुकडे ओबडधोबड झाले.

सगळ्यात अवघड गेलं ते आईला. मी विचारलं तरी धीर द्यायचा नाही, असं थेरपिस्टने तिला बजावलं होतं. लेक रडवेली होऊन विचारतेय आणि "नाही गं" म्हणायचं नाही! पहिल्यांदा ती नुसतीच उठून आत गेली. दुसऱ्यांदा म्हणाली, "मला काय माहीत? दाण्याचं कूट संपलंय, तेवढं कर."