४५ची तबकडी ३३वर

सोमवार, रात्री

गुरुवारच्या रेडिओ कार्यक्रमासाठी तबकड्यांची निवड आज सुरू केली. म्हणजे जमिनीवर ढीग मांडला, त्याच्यामध्ये बसले आणि दीड तासाने लक्षात आलं की निवड शून्य, नुसतं ऐकणं झालं.

आठवड्यातला एक तास माझा. मानधन नाही, जाहिरात नाही, अमुकच लावा असं सांगणारं कुणी नाही. दोन टर्नटेबल, एक माइक आणि रात्री जागी असलेली काही माणसं. "कसली गाणी लावतेस?" या प्रश्नाला एवढ्या दिवसांत मला धड उत्तर सापडलेलं नाही. "सगळी" म्हटलं तर आळशीपणा वाटतो. यादी सुरू केली तर चौथ्या नावाला समोरच्याची नजर घड्याळाकडे जाते.

आणि जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांतली मी नाही. जुन्यातही कचरा पोतंभर आहे. त्यातला बराचसा याच ढिगात आहे. मी जीव टाकते तो शेजारावर. कुणाच्या शेजारी कोण बसलं की दोघंही वेगळी ऐकू येतात, हे शोधत बसायला मला आवडतं. गायलं दुसऱ्यांनी, वाजवलं दुसऱ्यांनी, मुद्रित केलं भलत्याच कुणी. माझा त्यात फक्त सांधा.

एवढं ठरलं, सुरुवात भूप रागाने. दहा इंची, ७८ची, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणारी, एका बाजूला तीन मिनिटं. लेबल इतकं घासलेलं की रागाचं नाव शाबूत आहे, गायिकेचं निम्मं पुसलंय. अशा वेळी गायिका गौहर जान आठवते. १९०२ साली कलकत्त्यात तिने पहिल्यांदा तबकडीसाठी गायलं आणि गाणं संपल्यावर इंग्रजीत स्वतःचं नाव ठणकावून सांगितलं. साचे जर्मनीत हॅनोव्हरला जाणार, तिथल्या कारागिरांना कोणाचं लेबल कशावर लावायचं ते कळावं म्हणून ही युक्ती. पुढे पद्धत गेली. ती राहिली असती तर माझ्या भूपवाल्या बाई आज निनावी राहिल्या नसत्या. लेबल झिजतं, पण चरात बोललेलं नाव सुई लागेल तेवढ्या वेळा ऐकू येतं.

मंगळवार

भूप धुतला. डिस्टिल्ड पाणी, थेंबभर सौम्य साबण, मऊ ब्रश, लेबलला पाणी लागू द्यायचं नाही. एवढं साधं काम, पण ७८ची हातात घेतली की अजून पोटात गोळा येतो.

कारण या तबकड्या लाखेच्या. लाख म्हणजे तीच, किड्यांची, पत्राला मोहोर करतात ती. तिच्यात दगडाची बारीक पूड आणि काजळी मिसळून तबकडी दाबायची. (लाखमोलाची हा शब्द या लाखेवरून आलेला नाही हे मला माहीत आहे. तरी दर वेळी मनात येतोच.) लाख स्पिरिटमध्ये विरघळते. हे ज्ञान मला सुरुवातीच्या दिवसांत प्रत्यक्ष प्रयोगातून मिळालं. एलपी, म्हणजे नंतरच्या काळातली प्लॅस्टिकची, ३३ फेऱ्यांची तबकडी, स्पिरिटने पुसून चकचकीत केली होती, म्हणून त्याच कापसाने मोठ्या हौसेने ७८ची पुसायला घेतली. कापूस काळा झाला तेव्हा मला वाटलं, वा, केवढा मळ होता! मळ नव्हता. गाणं होतं. दुसऱ्या दिवशी सुई ठेवली तर पहिल्या अर्ध्या मिनिटाच्या जागी नुसता सूंऽऽ आवाज, आणि मग एकदम मध्यावरून कुणीतरी गायला लागलं, खोलीत उशिरा शिरलेल्या माणसासारखं.

ती तबकडी टाकलेली नाही. मागच्या बाजूचं गाणं चांगलं आहे.

भूप तीन वेळा ऐकला, तीन वेगांवर. ७८ हा आकडा नावापुरता आहे. सुरुवातीच्या काळात कुणी सत्तरच्या आसपास मुद्रण करायचं, कुणी ऐंशीच्या पुढे. एकच साचा धरून सगळ्यांनी चालावं हे नंतर आलं. त्यामुळे वेगाचा खटका थोडा मागेपुढे करून मी कानाने ठरवते. बाईंचा षड्ज नक्की कुठे होता? वेग वाढवला की कोवळ्या होतात, कमी केला की प्रौढ. तानेचे दाणे सुटे पडतात आणि श्वास माणसाचा वाटतो, ती जागा खरी मानायची. पुरावा काहीच नाही. तीन मिनिटांत त्यांनी स्थायी, अंतरा, बोलबाजी, ताना सगळं बसवलंय, आणि शेवटची तिहाई सुई लेबलला टेकायच्या दोन श्वास आधी संपते. वाया एक क्षण नाही. आणि मी त्या तीन मिनिटांची ओळख करून द्यायला चार मिनिटं घेते!

बुधवार

भूपानंतर काय?

दिवसभर कामात हाच किडा. दुसरा भूप लावला तर वर्ग भरल्यासारखं होईल. संध्याकाळी भाजी चिरताना सापडलं: तिझिता.

इथिओपियाच्या संगीतातल्या पाच सुरांच्या मुख्य चौकटींपैकी ही एक. तिच्या एका प्रकाराचे सूर सा रे ग प ध. म्हणजे भूपाचेच. शब्दाचा अर्थ आठवण, आणि त्याच नावाने तिथे विरहाच्या गाण्यांची अख्खी जात ओळखली जाते. तिथले संगीतकार मुलातू अस्तात्के यांनी या चौकटींना व्हायब्राफोन (धातूच्या पट्ट्यांचं वाद्य) आणि जॅझच्या ठेक्यावर बसवलं, ते जगभर गेलं. पण मला उद्या ते नको. माझ्याकडे एक सात इंची सिंगल आहे, बाजूला एकेक गाणं असलेली छोटी तबकडी, ४५ फेऱ्यांची. १९६९ मध्ये अम्हा एशेते यांनी स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढली, त्यानंतरच्या काही वर्षांत तिथे सिंगल्सचा पाऊस पडला. त्यातलीच असावी. लेबल अम्हारिक लिपीत, मला अक्षरही कळत नाही. कव्हरवर मात्र कुणीतरी पेन्सिलने "तिझिता" एवढं लिहून ठेवलंय, रोमन लिपीत, घाईघाईत. तो अनोळखी माणूस माझा गुरू.

सूर तेच, पण भूप नाही. गांधारावर ती बाई टेकत नाही, धैवतावरून खाली येताना आवाज गदगदवते, आणि मागे सॅक्सोफोन तिला "हो ना, हो ना" म्हणत राहतो. भूप ऐकून लगेच हे ऐकलं की आधी ओळखीचं वाटतं, मग एकदम परकं, मग पुन्हा ओळखीचं.

शेवटही ठरला. तो मी चोरला आहे, उघडपणे. १९७७ साली व्हॉयेजर या दोन अंतराळयानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकड्या पाठवल्या, बारा इंची, मिनिटाला १६⅔ फेरे. खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांच्या समितीने २७ तुकडे निवडले, साधारण दीड तासाचं संगीत. सोबत सुई आणि कार्ट्रिजसुद्धा दिलं. (निवड ज्याने केली असेल त्याने, पण सुई ज्याला आठवली तो माणूस आमच्यातला.) त्यात केसरबाई केरकरांची भैरवी आहे, साडेतीन मिनिटांची, आणि तिच्या लगेच पुढे अमेरिकी गायक ब्लाइंड विली जॉन्सन. १९२७ची ध्वनिमुद्रिका. शब्द नाहीत, गिटारच्या तारेवरून घसरणारा सूर आणि त्याच्यामागून हुंकार. हा माणूस १९४५ मध्ये गरिबीत गेला. केसरबाई गेल्या १९७७च्या सप्टेंबरमध्ये, दुसरं यान उडाल्यावर दोन आठवडेही झाले नव्हते.

आपल्याकडे भैरवी झाली की मैफल उठते. तिथे भैरवीनंतर आणखी दोन. जॉन्सन आणि त्याच्यामागून बेथोव्हन. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हा क्रम चुकीचा वाटला होता. मग एका रात्री दोन्ही तबकड्या काढून तसंच लावून पाहिलं. केसरबाईंचा आवाज थांबतो, आणि ती पहिली तार वाजते. त्यानंतर मी कुठल्याही क्रमाला चुकीचा म्हणायची घाई करत नाही.

गुरुवार, दुपार

केंद्रावरच्या कपाटातून एक सिंगल घेतली, मधल्या भागासाठी. सुरुवातीचे चार सेकंद नुसती सळसळ आणि मग एकदम स्वच्छ.

नवीन आलेला मुलगा म्हणाला, "ताई, ही खराब आहे."

खराब नाही, वापरलेली आहे. गाणं जिथे सुरू होतं ती जागा शोधायची, हाताने तबकडी मागे-पुढे फिरवायची, पहिल्या सुरापासून अर्धा फेरा मागे आणून थोपवून धरायची. खाली चकती फिरतेय, वर तबकडी हातात थांबलेली, मध्ये नमद्याचा स्लिपमॅट. बोलणं संपलं की बोट उचलायचं. हे निवेदकाचं रोजचं काम. पण सुई त्याच चार सेकंदांवरून शेकडो वेळा उलटसुलट गेली की तिथला चर खरवडतो. स्वस्त प्लॅस्टिकच्या सिंगल्सचे तर हाल होतात. म्हणजे ती सळसळ माझ्याआधी या खुर्चीत बसलेल्या सगळ्यांच्या बोटांची. ज्या गाण्याची सुरुवात सर्वांत खरवडलेली, ते इथे सर्वांत लाडकं होतं. बाजूला ठेवलेलं रजिस्टर वाचायची गरज नाही.

त्याला हे सांगितलं. तो म्हणाला, "हो, पण हे गाणं फोनवर स्वच्छ मिळेल." मिळेल. मी काही वाद घातला नाही. फक्त त्याच्या हातात तबकडी दिली आणि म्हटलं, पहिला सूर शोध. दहा मिनिटं तो तोंड उघडं टाकून फिरवत होता.

गुरुवार, मध्यरात्र उलटून

झोप येणार नाही, लिहूनच टाकते.

सिग्नेचर ट्यून एलपीवर आहे, डाव्या टर्नटेबलवर, ३३वर. उजवीकडे भूप, ७८साठीची जाड सुई लावलेली. एलपीची सुई लाखेच्या रुंद चरात तळाला बसून नुसती खरडते, म्हणून वेगळी. ट्यून संपली, भूप सुरू. माझ्याकडे तीन मिनिटं. एलपी उतरवली, तिझिता चढवली, मोठ्या भोकात अडॅप्टर बसवला, हेडफोनमध्ये हाताने फिरवून पहिला सूर पकडला, अर्धा फेरा मागे. सगळं केलं. वेगाचं बटण दाबलं नाही.

भूपाची तिहाई, एक श्वास, बोट उचललं.

आणि सुंदर वाजलं! हीच तर लाज. तिचा षड्ज घसरून खालच्या पंचमावर आलेला, त्याच्याही चिमूटभर खाली. बाईचा आवाज एखाद्या थकलेल्या पुरुषासारखा झालेला. सॅक्सोफोन जांभया देतोय. मी डोळे मिटून वा वा करत होते. तीस सेकंद तरी. मग ड्रम आले, आणि एवढ्या आळसावलेल्या गतीने कुणी ड्रम वाजवत नाही हे डोक्यात शिरलं.

दोन पर्याय होते. फेडर (आवाजाची सरकपट्टी) खाली करून माफी मागायची, किंवा गप्प राहायचं. मी तिसरंच केलं, विचार न करता ४५चं बटण दाबलं. मोटरने उचल घेतली आणि बाईंचा आवाज खालच्या पंचमावरून सरसरत वर षड्जावर. मुलगा काचेपलीकडून डोकं धरून हसत होता.

दोन फोन आले. पहिला नेहमीच्या गृहस्थांचा. "एक गाणं धड ओळखीचं लावत जा हो." दर आठवड्याला हेच सांगतात, म्हणजे दर आठवड्याला ऐकतात. दुसरा एका बाईंचा, आवाजावरून वयस्कर. म्हणाल्या, त्या परदेशी गाण्यात सुरुवातीला जी खालून वर मींड घेतली, तशी कधी ऐकली नव्हती. गायिकेचं नाव काय?

नाव मला वाचता येत नाही, हे खरं सांगितलं. मींड माझ्या बोटाची, हे नाही सांगितलं. सांगायला हवं होतं का? अजून ठरत नाही.

शेवटी केसरबाई, आणि मग जॉन्सन. मध्ये मी चार सेकंद रिकामे ठेवले. घड्याळात चार सेकंद काहीच नसतात. माइकसमोर बसून काहीही न वाजवता मोजा म्हणजे कळतं. आमच्याकडे शांतता लांबली की कन्सोलवरचा तांबडा दिवा लागतो. यंत्राला वाटतं निवेदक झोपला. मी त्या दिव्याकडे बघत मोजत होते. एक, दोन, तीन. भैरवी अजून खोलीत होती. चार. तार.

दिवा लागला नाही. थोडक्यात राहिला असावा.

बेथोव्हनला वेळ उरला नाही. भूपाच्या वेळी जास्त बोलले.

शनिवार

तबकड्या परत जागेवर लावल्या. मुलगा आला होता. पहिला सूर आता त्याला दोन फेऱ्यांत सापडतो. त्याला तिझिता पुन्हा ऐकायची होती. आधी ४५वर लावली. ऐकून घेतलं, मान हलवली, आणि मग जरा संकोचून विचारलं, "ताई, ती दुसऱ्या वेगावर?"

लावली. अख्खी. दोघंही काही बोललो नाही.

तो गेल्यावर पेन्सिल शोधली आणि त्या अनोळखी अक्षराच्या खाली लिहिलं: ४५. मग थोडं थांबून, जरा बारीक अक्षरात: ३३वरही बरी.